पिल्लाच्या आईला भेटलात का?

मागच्या महिन्यात लॅब्रॅडॉरच्या केसगळतीबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की जातिवंत पिल्लू घ्यायचं असेल तर पिल्लू बघायला जाऊच नका, त्याची आई बघायला जा. झालं. पत्रं, मेल, संपादकांच्या फोनवर व्हॉइस नोट्स, आणि एका गृहस्थांनी तर विचारलंय की "आई बघून काय करायचंय, सोयरीक जमवायचीये का?" तर हो, साधारण तेच करायचंय, फक्त इथे पत्रिका नाही तर एक्सरे बघायचे असतात. पिसवा, गोचीड, फटाक्यांची भीती हे सगळं पुढच्या अंकात घेते, हा महिना पिल्लांचा. आणि "रस्त्यावरचं देशी पिल्लू का घेत नाही" असं लिहिणाऱ्यांनो, माझ्या घरात आत्ता दोन देशीच आहेत, पण ज्याला जातिवंत हवंय तो घेणारच आहे, मग त्याने नीट घ्यावं एवढंच माझं म्हणणं.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं नोकरीवाले, सिंहगड रोडला राहतो, मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला फॉन कलरचा लॅबच हवाय. इन्स्टावर एक पेज सापडलं, रोज नवीन पिल्लांचे व्हिडिओ असतात, "हेवी बोन, पंच फेस, शो क्वालिटी" वगैरे. माणूस बोलायला चांगला आहे. म्हणतो घरी यायची गरज नाही, एक्सप्रेसवेच्या फूड मॉलला आणून देतो, फक्त आधी पाच हजार टोकन टाका. आई दाखवा म्हटलं तर लगेच आईचा पण व्हिडिओ पाठवला. घ्यावं का?
— एक वाचक, पुणे

टोकन टाकलं नसेल तर टाकू नका, आणि टाकलं असेल तर ते गेलं असं धरून चाला पण त्या पाच हजारांच्या मोहाने पुढचे वीस घालवू नका.

तुम्हीच लिहिलंय की रोज नवीन पिल्लं असतात. आता हिशोब करा. फिमेल साधारण सहा-सात महिन्यांनी एकदा हीटवर, म्हणजे माजावर येते, गाभण राहिली की सुमारे ६३ दिवसांनी पिल्लं होतात, पुढे दोन महिने ती आईजवळ. म्हणजे ज्याच्या घरी दोन-तीन फिमेल आहेत आणि जो त्यांना मधे नीट विश्रांती देतो त्याच्याकडे वर्षातले कितीतरी महिने एकही पिल्लू नसतं, तो तुम्हाला सांगतो की आत्ता नाहीये, दिवाळीनंतर फोन करा. बारा महिने पिल्लं, त्यातही लॅब, पग, शित्झू, हस्की सगळंच, असं असलं की समोरचा ब्रीडर नसतो, दलाल असतो. पिल्लं कुठून येतात ते कधीकधी त्यालाही माहीत नसतं. आईचा व्हिडिओ म्हणजे कुठल्यातरी लॅबचा व्हिडिओ, एवढंच. निदान व्हिडिओ कॉल करून म्हणा, आत्ता आईला पिल्लांजवळ ने, तिला हाक मार, पिल्लं पिताना दाखव. बहुतेक वेळा नेमकं तेव्हाच नेटवर्क जातं.

आमचा पहिला अल्सेशियन, तेव्हा जर्मन शेफर्ड कुणी म्हणायचं नाही, आम्ही नव्वदच्या दशकात असाच घेतला, एसटी स्टँडच्या बाहेर, बिस्किटाच्या खोक्यातून, अंधार पडता पडता. इतकं गोड पिल्लू की माझ्या सासूबाईंनी ज्यांना कुत्रं घरात चालायचं नाही त्यांनीच पदराखाली घेतलं. वर्षाचा झाला आणि जिना चढताना सशासारखा दोन्ही मागचे पाय एकदम उचलायला लागला, आम्ही हसायचो, वाटायचं लाडात येतोय. एक्सरे काढला तर खुब्याचा गोळा वाटीत बसतच नव्हता, डॉक्टर म्हणाले हिप डिसप्लेसिया, हे बऱ्याच अंशी आईबापाकडून येतं, आई कशी चालायची हो? आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. आई आम्ही बघितलीच नव्हती. पुढची सहा वर्षं त्याला मागून टॉवेलची झोळी लावून फिरवला.

म्हणून तिथे जा, त्या माणसाच्या घरी किंवा केनेलवर, सांगून जा आणि शक्यतो दिवसा. आई पुढे येते का, की कोपऱ्यात दबून बसते, की मालकाने हात उचलला की अंग चोरते, ते बघा. ती चार पावलं चालताना, बसून उठताना बघा. पिल्लं पाजणारी आई जरा वाळलेली असते, केस झडलेले असतात, आचळं ओघळलेली असतात, त्याला घाबरू नका, ते बाळंतपण आहे. पण अंगावर जखमा, कोपरांना घट्टे, पिंजऱ्याच्या जाळीवर ओरडून ओरडून बसलेला आवाज, आणि आत शिरताच डोळे चुरचुरतील असा मुताचा वास आला तर पिल्लू कितीही गोंडस असो, मागे फिरा. बाप तिथे नसला तर त्यात काही संशयास्पद नाही, उलट चांगला ब्रीडर बरेचदा मुद्दाम बाहेरचा, दुसऱ्या केनेलचा मेल शोधतो, फक्त त्या मेलचं नाव-गाव आणि कागद ब्रीडरकडे हवेत.

मग विचारा, हिचं वय किती आणि हे कितवं वेत. २०१७ साली केंद्राने श्वान प्रजननाचे नियम काढले, त्यात दीड वर्षाच्या आत मेटिंग नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत, आठ वर्षांनंतर नाही, आणि ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. ते सर्टिफिकेट दाखवा म्हणायला लाजू नका. त्यानंतर आईबापाच्या खुब्याचे एक्सरे. मोठ्या जातींचे खुबे दोन वर्षांच्या आसपास खात्रीने कळतात, त्यामुळे सव्वा वर्षाच्या फिमेलला "हिप क्लिअर आहे" असं कुणी म्हणालं तर मान डोलवा आणि चहा पिऊन निघा. लॅबमध्ये अजून एक म्हणजे पीआरए, डोळ्यांचा आनुवंशिक आजार, यात कुत्र्याला आधी रात्रीचं दिसेनासं होतं मग हळूहळू पूर्णच. आईबाप दोघंही वरून ठणठणीत आणि दोघांमध्येही तो एक जीन लपलेला, असं झालं तर साधारण चारातलं एक पिल्लू आंधळं होणार. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून डीएनए टेस्ट होते, आपल्याकडे करणारे ब्रीडर थोडे आहेत पण आहेत, आणि जे करतात ते न विचारता फाईल पुढे ठेवतात.

रंगाचं म्हणाल तर लॅबमध्ये रंग तीनच, काळा, यलो आणि चॉकलेट. फॉन, क्रीम, फॉक्स रेड ह्या सगळ्या यलोच्याच छटा, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. आणि "हेवी बोन, डबल बोन" ही तर विकणाऱ्यांची भाषा, दुप्पट हाडं कुठल्याच कुत्र्याला नसतात हो.

आता जरा कडू. दोघं नोकरीवाले, मुलगी शाळेत. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा खायला लागतं आणि दर दोन तासांनी शी-सूला न्यावं लागतं. दुपारी कोण असणार? त्या फूड मॉलवाल्याने हे विचारलं का तुम्हाला? चांगला ब्रीडर पहिल्या पाच मिनिटांत विचारतो आणि उत्तर पटलं नाही तर सरळ नाही म्हणतो. त्याचा राग मानू नका.

प्रश्न : आमचे आजोबा म्हणतात पिल्लू महिन्याचंच आणावं म्हणजे लळा लागतो, आणि वीसनखी बघून आणावं, तोंडातली टाळू काळी असली पाहिजे तरच असली. एक जर्मन शेफर्डचं ३५ दिवसांचं बघितलंय, वीसनखी आहे. विकणारा म्हणतो उद्याच न्या, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे.
— एक वाचक, वय १९, नाशिक

आजोबांना माझा नमस्कार सांग आणि पुढचं त्यांना वाचूनच दाखव.

लळा पाच महिन्यांच्या पिल्लालाही लागतो, तीन वर्षांच्यालाही लागतो, माझ्याकडचा एक तर सातव्या वर्षी आलाय आणि मी बाथरूमला गेले तरी दाराशी बसतो. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी मारामारी करतं, जोरात चावलं की भावंड किंचाळतं आणि खेळ बंद होतो, आईच्या आचळाला दात लागला की आई गुरकावून उठून जाते. किती जोरात चावायचं नाही हे ते तिथे शिकतं. ३५ दिवसांचं आणलंस तर ती शिकवणी तुझ्या हातापायांवर होणार, आणि जर्मन शेफर्डचे दात काय असतात ते तुला चार महिन्यांनी कळेल. शिवाय आठ आठवड्यांच्या आत विकणं वर सांगितलेल्या नियमांत बसतच नाही. म्हणजे जो माणूस ३५ दिवसांचं "उद्याच न्या" म्हणतोय तो एक नियम तुझ्या डोळ्यांदेखत मोडतोय, तर न दिसणारे किती मोडले असतील.

वय खरं सांगतायत का ते बघायची सोपी युक्ती, ओठ वर करून दात बघ. समोरचे बारीक दात वर सहा, खाली सहा आणि टोकदार सुळे साधारण पाच-सहा आठवड्यांत येतात, मागचे आठव्या आठवड्यापर्यंत येत राहतात, सगळे मिळून दुधाचे दात २८. "दोन महिन्यांचं आहे" म्हणून दाखवलेल्या पिल्लाचे समोरचे दात अजून हिरडीतून डोकावतच असतील तर ते पिल्लू महिनाभराचं आहे.

वीसनखीचं काय, तर साध्या कुत्र्याला पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार अशी अठरा नखं, मागे आतल्या बाजूला एकेक जास्तीचं आलं की वीस. ते कुठल्याही कुत्र्यात येतं, गल्लीतल्या काळूलाही असेल बघ. आणि टाळूचा रंग म्हणजे नुसता रंग आहे. त्यापेक्षा आजोबांना बरोबर घेऊन जा आणि आईचा स्वभाव बघायला सांग, म्हैस घेताना जसं बघतात ना तसं, त्यांचा अनुभव तिथे कामाला येईल. दुसऱ्या पार्टीला घेऊन जाऊ दे.

प्रश्न : एकाच लिटरमधली, म्हणजे एकाच वेताची दोन पिल्लं दाखवली, बीगल. एक "विथ पेपर" आणि एक "विदाऊट पेपर", बारा हजारांचा फरक. दिसायला सारखीच. आम्हाला शो करायचा नाही, मग पेपर कशाला?
— एक वाचक, कोल्हापूर

हा प्रश्न सगळ्यात जास्त आलाय. पेपर म्हणजे केसीआयचे, केनेल क्लब ऑफ इंडिया, ऑफिस चेन्नईत. आईबाप दोघंही तिथे नोंदलेले असले की ब्रीडर अख्खं लिटर नोंदवतो आणि त्या लिटरमधल्या प्रत्येक पिल्लाचा कागद निघतो. जन्मदाखला आहे तो. आता जुळ्या मुलांपैकी एकाचा जन्मदाखला आहे आणि दुसऱ्याचा नाही असं कुणी सांगितलं तर तुम्हाला प्रश्न पडेल ना? तसाच इथे पडायला हवा. एकतर दोघांपैकी कुणाचेच पेपर नाहीत, किंवा दुसऱ्याच कुठल्यातरी लिटरचे पेपर या पिल्लाला चिकटवले जाणार आहेत. "पेपर नको असतील तर स्वस्तात देतो" हे वाक्य ऐकलं की मी तरी उठते.

पेपर खरा आहे का हे कळायला मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी चिप मानेजवळ कातडीखाली असते, १५ आकडी नंबर. व्हेटकडे स्कॅनर असतो, पिल्लाच्या मानेवरून फिरवायचा आणि आकडा कागदाशी जुळवायचा. कधीकधी कागद यायला वेळ लागतो हेही खरं आहे, सगळेच "नंतर पाठवतो" म्हणणारे चोर नसतात, पण मग निदान आईबापाचे मूळ कागद आणि लिटर नोंदवल्याची पावती दाखवायला काय हरकत आहे, आणि थोडे पैसे कागद आल्यावर द्यायचं ठरवून घ्यायला.

शो करायचा नाही हे ठीक. पण त्या कागदावर आजा-पणजाची नावं असतात, ती वाचा. आईच्या बाजूला आणि बापाच्या बाजूला तेच ते एक नाव दोन-तीनदा दिसलं तर घरातल्या घरातच मेटिंग चाललंय असं समजा. आणि एक मात्र लक्षात ठेवा, कागद असला म्हणजे पिल्लू निरोगी असं नाही, केसीआय काही कुणाचे खुबे तपासून दाखला देत नाही. ते काम आपलंच.

प्रश्न : ताई, हे पत्र लिहिताना पण रडू येतंय. दुकानातून कॉकर स्पॅनिअलचं पिल्लू आणलं, बुकलेटमध्ये लसीचा स्टिकर होता. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी उलट्या, मग रक्ताचे जुलाब, पाचव्या दिवशी गेलं. पार्वो म्हणाले. दुकानदार म्हणतो तुम्ही म्हशीचं दूध पाजलं म्हणून झालं. खरंच आमची चूक होती का? आणि मुलगा म्हणतोय लगेच दुसरं आणू.
— एक वाचक, डोंबिवली

नाही. दुधाने पोट बिघडतं, पार्वो होत नाही. पार्वोचा विषाणू शरीरात शिरल्यापासून त्रास सुरू व्हायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी जास्त. तुमच्याकडे येऊन त्याला दीड दिवस झाला होता. ते आजार घेऊनच आलं होतं, तुम्ही काहीही पाजलं असतं किंवा नसतं तरी. हे मुलालाही सांगा, कारण लहान मुलं असल्या वेळी मनात धरून बसतात की मी त्याला बिस्किट दिलं होतं.

नुसत्या स्टिकरला अर्थ नाही. त्यावर तारीख हवी, बाजूला डॉक्टरची सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर हवा, आणि शक्य असेल तर त्या डॉक्टरला एक फोन. लस खरोखर दिली असली तरी पहिल्या डोसने पूर्ण संरक्षण मिळत नाही, आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला आडवी येते म्हणून तर दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत सोळाव्या आठवड्यापर्यंत जावं लागतं. आणि इथेच परत आई येते बघा. आईचं लसीकरण झालेलं असेल तर पिल्लांना सुरुवातीचे आठवडे तिच्या चिकाच्या दुधातून कवच मिळतं. ज्या आईला आयुष्यात कुणी लस टोचली नाही, तिची पिल्लं महिन्याची असताना टेम्पोतून दहा घरच्या पिल्लांबरोबर दुकानात आली, तर पार्वोला आणखी काय हवं.

लगेच दुसरं आणू नका. हा विषाणू चिवट आहे, घरात महिना-महिना आणि बाहेर सावलीच्या मातीत त्याहून कितीतरी जास्त टिकतो, फिनाईलने जात नाही. साधं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, एकाला तीस पाणी असं करून फरशी आधी धुवून मग त्याने पुसा आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. त्याचं अंथरूण, भांडी, खेळणी टाकून द्या. काही महिने जाऊ देत, आणि पुढचं पिल्लू सगळे डोस पूर्ण झालेलं, चार महिन्यांच्या वरचंच आणा.

दुकानदाराला सोडायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण बिल, व्हेटचे रिपोर्ट आणि चॅट जपून ठेवा. पेट शॉपसाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत, दुकानाची नोंदणी लागते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

प्रश्न : नागपूरला हस्की राहील का? एसी आहे.
— एक वाचक, नागपूर

एसी तुमच्याकडे आहे, पण शी-सूला हा बर्फाळ प्रदेशातला कुत्रा मे महिन्यात बाहेरच जाणार. नको. आणि नागपुरात हस्की विकणारा जबाबदार ब्रीडर कसा ओळखावा, असा तुमचा पुढचा प्रश्न असेल तर तो मला अजून भेटायचाय.

प्रश्न : आमच्याकडे शेत आहे, राखणीला करवानी पाहिजे. धनगरवाड्यावर एकाची फिमेल व्यायलीये. पुण्याचा भाचा म्हणतो तिथून नको घेऊ, ऑनलाइन केनेलवरून पेपरवाला "मुधोळ हाऊंड" घे. काय करू?
— एक वाचक, जत

वाड्यावर जा. भाच्याला माझं नाव सांगा.

आधी नावाचा घोळ. करवानी, मुधोळ, कॅरव्हान हाऊंड ही एकाच कुळाची नावं, केसीआयच्या यादीत तो कॅरव्हान हाऊंड म्हणून आहे, कानाला आणि शेपटीला लांब केसांची झालर असली की आपल्याकडे पश्मी म्हणतात. मुधोळ कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात, पण तिथलं संस्थान घोरपड्यांचं, आणि राजे मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली म्हणून मुधोळचं नाव तिला लागलं. २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं, २०१६ मध्ये सैन्याने मेरठच्या केंद्रात ट्रेनिंगसाठी पिल्लं नेली, आणि तेव्हापासून जो तो मुधोळ विकायला लागला. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, जतहून तुम्हाला फार लांब नाही, एकदा बघूनच या म्हणजे नजर तयार होईल.

तुमच्या धनगराकडे कागद नसेल, पण ती फिमेल उन्हातान्हात मेंढरांमागे फिरणारी आहे, तिचा खुबा कसा आहे हे सांगायला एक्सरे लागत नाही, रोज आठ-दहा मैल चालतेय ती. तिची आई, तिची आजी कुठल्या वाड्यावरची हे त्या माणसाला तोंडपाठ असणार. तीच वंशावळ. एकच खोदून विचारा, बाप कोण. शर्यतीच्या नादात ग्रेहाऊंड घालून क्रॉस केलेली पिल्लं करवानी म्हणून खपवली जातात, वेग येतो पण आपल्या उन्हाचा आणि माळरानाचा काटकपणा जातो. नियम वाड्यालाही तोच, दोन महिन्यांच्या आत आणू नका, आणि जंताचं औषध, लस तुम्ही स्वतः जतच्या दवाखान्यात नेऊन सुरू करा कारण तिथे बहुतेक काहीच दिलेलं नसतं. मागच्या दोन-तीन बरगड्या दिसणं ही या जातीची ठेवण आहे, अशक्त समजून भाकरी कोंबू नका. आणि राखणीपुरतंच हं, सशामागे सोडलात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तुम्ही अडकाल, कुत्रा नाही.

प्रश्न : आमची गोल्डन रिट्रीव्हर तीन वर्षांची आहे. सगळे म्हणतात एकदा तरी पिल्लं होऊ द्या, नाहीतर आजारी पडते. कॉम्प्लेक्समध्येच एक मेल आहे, ते एका पिल्लाच्या बदल्यात क्रॉस करायला तयार आहेत. उरलेली विकू. करावं का?
— एक वाचक, ठाणे

ही "एकदा तरी आई होऊ द्या" वाली समजूत कुठून आली देव जाणे, माणसांवरूनच उचलली असणार. पिल्लं न झाल्याने कुठलीही कुत्री आजारी पडत नाही. नसबंदीचं ऑपरेशन न केलेल्या फिमेलमध्ये वय वाढलं की गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो हे खरं, पण एका बाळंतपणाने तो जात नाही, ऑपरेशनने जातो.

तरी करायचंच असेल तर ज्या ब्रीडरकडे तुम्ही ग्राहक म्हणून जाल त्याला जे विचाराल ते आता स्वतःला विचारा. तुमच्या फिमेलचा आणि त्या मेलचा खुब्याचा एक्सरे काढलाय? डोळे, हृदय तपासलंय? दोघं एकाच ब्रीडरची भावंडं तर नाहीत ना, हे हसण्यावारी नेऊ नका, एकाच कॉम्प्लेक्समध्ये एकाच माणसाकडून दोघांनी पिल्लं घेणं फार सहज होतं. गोल्डनला आठ-नऊ पिल्लं सहज होतात. रात्री दोनला एक अडकलं तर सिझर करणारा व्हेट ठरलेला आहे? दोन महिन्यांनी आठ घरं मिळाली नाहीत तर सहा महिन्यांची पाच गोल्डन टू बीएचकेमध्ये? आणि विकायची म्हटली की कायद्याच्या लेखी तुम्ही ब्रीडर झालात, नोंदणी आली. माझं मत विचारताय तर नका करू. पण रिपोर्ट चांगले आले आणि आठ घरं आधीच ठरली तर मला परत लिहा, मी काही अगदीच दगड नाही.

प्रश्न : मी गेली अकरा वर्षं लॅब ब्रीड करते, दोनच फिमेल आहेत, वर्षाआड एखादं लिटर. तुमचं सदर वाचून वाईट वाटलं, तुम्ही सगळ्यांना एका माळेत ओवता. एक्सरे, टेस्ट, आईचं खाणं, पिल्लांचे डोस धरून माझ्या हातात जे उरतं त्यात माझ्या दोघींचं वर्षाचं खाणंही निघत नाही. लोक फोनवर दोनच प्रश्न विचारतात, "मेल आहे का" आणि "कितीला". इन्स्टावर निम्म्यात मिळतंय म्हणतात. मागच्या वेताची एक फिमेल सात महिन्यांची झाली, सगळे डोस झालेत, चांगलं घर आलं नाही म्हणून माझ्याकडेच आहे. मला सांगा, चांगला ग्राहक कसा ओळखायचा?
— एक वाचक, सातारा

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माळेत ओवलं असेन तर माफ करा, पण तुम्हीच बघा, वर आलेल्या पत्रांत एकालाही तुमच्यासारखं कुणी भेटलेलं नाही. तुम्ही सापडत नाही हो. तुम्ही रोज व्हिडिओ टाकत नाही, तुमच्याकडे वर्षाआड पिल्लं, आणि ज्याला या रविवारी वाढदिवसाला पिल्लू हवंय तो तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

निम्म्या किमतीबद्दल म्हणाल तर ते कसं परवडतं हे लोकांना सांगत जा, आईच्या खाण्यात, लसीत आणि विश्रांतीत काटल्याशिवाय ते निघत नाही. स्वस्त पिल्लाचा फरक पहिल्या वर्षात व्हेट वसूल करतो हे माझ्या टॉवेलच्या झोळीला विचारा.

चांगला ग्राहक ओळखायची माझी खूण एकच. घरात शिरल्यावर पिल्लांच्या खोलीकडे धावायच्या आधी जो तुमच्या फिमेलपुढे हात करतो, तिला वास घेऊ देतो, नाव विचारतो, त्याला बसवून चहा द्या. वाट बघायला तयार आहे का ते बघा, पुढच्या लिटरपर्यंत थांबा म्हटल्यावर जो थांबतो तो बारा वर्षंही सांभाळतो. नाही जमलं तर कधीही, कुठल्याही वयात परत आणून द्या, असं लेखी घ्याच, तुम्ही घेतच असाल.

आणि ती सात महिन्यांची. आपल्याकडे लोकांना मोठं पिल्लू नको असतं, पण वर डोंबिवलीचं पत्र वाचलंत ना, त्या घराला नेमकं असंच हवंय, डोस पूर्ण झालेलं, वय झालेलं, आईसकट बघता येईल असं. जात वेगळी आहे, त्यांना कॉकर हवा होता, आणि मुलाला सावरायला अजून थोडे दिवस लागतील, त्यामुळे मी काही जुळवायला निघालेली नाही. तुमचा नंबर संपादकांकडे आहे. त्यांनी विचारला तर देऊ का, तेवढं या आठवड्यात कळवा.